थोडा म्हणजे किती

कापसीच्या पुलापलीकडे, भंगाराच्या चौथ्या गाळ्यात
साहूनं पोत्यावरून उचलून तो माझ्या हातात दिला.
गोगलगायीसारखा वेटोळा, लोखंडाचा,
तीन लेकरांच्या वजनाचा.
"साडेनऊ हजार. जुन्या जनरेशनचा आहे जी,
पण आतासारखी सेन्सरची नाटकं नाहीत याच्यात.
धूर खाते अन् हवा देते, बस."

नवा अडतीसचा.
माझा ट्रक सतरा वर्षांचा. त्यात नवा म्हणजे
म्हाताऱ्याच्या तोंडात एकच सोन्याचा दात.

कळमन्याहून भिवापुरी मिरची भरून
मी जबलपूरला जातो. गेल्या महिन्यात
कुरई घाटात पहिल्या गिअरवर आलो,
मागे निळा धूर, धुरात मिरचीचा खकाणा.
मागचे शिव्या द्यायच्या सोडून खोकत होते.
दुधाचे कॅन लावलेली एक लुना पुढे निघून गेली.
तिच्यावरच्या माणसानं वळून पाहिलं नाही,
तेवढे त्याचे उपकार.

मी दोन बोटांत शाफ्ट धरला.
वर-खाली. मागे-पुढे.
थोडा हलला.
थोडा म्हणजे किती? साहूच्या गाळ्यात
हे माप नेहमी विकणाऱ्याच्या बाजूनं झुकतं.
अंगठ्यानं पातं फिरवलं,
ते बराच वेळ फिरत राहिलं, आवाज न करता,
वाटलं, घ्यावा.
मग बोटाला तेल लागलं.
वाटलं, नको.

"कोणत्या गाडीचा?"
"चांगल्या गाडीचा."
"चांगली गाडी इथं काहून आली मंग?"
साहूनं चहा सांगितला.

पाचशे इसार ठेवून एका रात्रीपुरता घरी आणला.
उत्पला आयटीआयला आहे, डिझेलला,
वर्गात बावीस पोरं आणि ती.
तिनं मिक्सर सरकवून ओट्यावर पेपर अंथरला,
सरांकडून मागून आणलेला डायल गेज लावला
आणि माझी बोटं ज्याला थोडा म्हणत होती
त्याला आकडा दिला.
"चालते. सील बदलावे लागतील.
पण बाबा, आपला कशानं मेला?"

वयानं, मी म्हणालो.
"दाखवा."

सीटखाली गोणपाटात ठेवलेला आमचा टर्बो
तिनं उघडला. शाफ्ट निळा पडलेला,
तेलाच्या वाटेत काळा, चिवट थर,
पातेल्याच्या तळाला लागलेल्या दुधासारखा.
"घाट चढून ढाब्यावर पोचले
की लगेच चावी बंद करता न?
इंजिन थांबते, तेल थांबते.
हा मात्र फिरतच असते, लाल झालेला, कोरडा.
जुना घ्या का नवा घ्या,
असंच वागाल तर तोही मरन."

"आधी ते ओट्यावरून उचला," तिची आई म्हणाली,
"मले कणिक मळायची आहे."

मी उचललं.
अठ्ठावीस वर्षं झाली चाक धरून.
चावी फिरवायची, खाली उडी मारायची,
यालाच मी पोचणं म्हणत आलो.

उद्या साहूकडे जाईन. आठ म्हणेन.
साडेआठला तुटेल, किंवा तुटणार नाही,
किंवा मीच पाचशे सोडून येईन,
अजून ठरलेलं नाही.

जेवून गाडी मोकळ्या प्लॉटवर लावायला गेलो.
लावली. चावीवर हात गेला
आणि तिथंच राहिला.
खोब्रागडे खिडकीतून ओरडले,
"बंद कर न बे, किती धूर!"
"दोन मिनिटं," मी म्हणालो.

टर्बोच्या जागी सध्या हफीज मिस्त्रीनं
नुसता पाइप जोडून दिला आहे.
थंड व्हावं असं आत काहीच नाही.
तरी बसून राहिलो,
डॅशबोर्डवरच्या घड्याळात पाहत,
जे केव्हाचं बंद आहे.